थांबा वही: आमच्या वाचनालयातल्या नोंदी

16 जून 2024, रविवार

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव, अठराशे वस्तीचं. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत ड वर्गाचं, म्हणजे सगळ्यात लहान दर्जाचं सार्वजनिक वाचनालय आहे. चार वर्षांपासून मी तिथं ग्रंथपाल. दाखल रजिस्टरात 1,140 पुस्तकं, आणि मे महिन्यात घरी गेली फक्त 9. पेपर वाचायला माणसं रोज येतात, पण बसतात ती कपाटाकडे पाठ करून.

आता गावात वाचलेल्या-पाहिलेल्यावर कुणी बोलतच नाही, असं म्हणाल तर तसंही नाही. निंदणाच्या ओळीत बाया कालच्या मालिकेवर अशा बोलतात की ऐकत राहावं. पारावर ग्रामगीतेच्या ओवीवरून दोन म्हातारे अर्धा तास हुज्जत घालतात. हे बोलणं वाचनालयात यावं, कागदावर उतरावं, एकाचं दुसऱ्यानं वाचावं, एवढंच मनात आहे. पुस्तक, कविता, मालिका, काहीही चालेल. दर पंधरा दिवसांनी रविवारी बसायचं ठरवलं. खर्च आणि चुका दोन्ही लिहून ठेवते, पुढं जे घडेल ते त्याच तारखेखाली भरत जाते, म्हणजे दुसऱ्या गावात कुणी हे हाती घेतलं तर त्यांचा तेवढा वेळ वाचेल.

23 जून

पहिली बैठक, संध्याकाळी सात वाजता. दर्यापूरहून ‘पुस्तक परीक्षण मंच’ असा बॅनर छापून आणला होता, 350 रुपयांचा. अकरा जण आले. एक पुस्तक टेबलावर ठेवून मी विचारलं, "कसं वाटलं?" सगळे गप्प. एकानं "चांगलं आहे" म्हटलं, दुसऱ्यानं "बोध घेण्यासारखं आहे" म्हटलं, की पुन्हा गप्प. वीस मिनिटांत गोष्ट पावसावर गेली आणि पेरणीवर संपली.

दोन चुका झाल्या. ‘परीक्षण’ या शब्दानं माणसं परीक्षेला बसल्यासारखी बसली. आणि पेरणीच्या तोंडावर बैठक लावायलाच नको होती.

7 जुलै

चाळीस छापील फॉर्म वाटले, झेरॉक्सचे 80 रुपये. लेखक, प्रकाशक, सारांश, आवडलेलं पात्र, मिळालेला बोध. सहा परत आले. सहाही फॉर्मांत मलपृष्ठावरचा मजकूर उतरवलेला, दोघांनी तर एकाच पुस्तकाचा, शब्दाला शब्द. एका पोट्ट्यानं बोधाच्या रकान्यात ‘नेहमी खरे बोलावे’ लिहिलं होतं. त्या पुस्तकात तसं काहीच नाही.

त्याला मी रागावले नाही. त्याला शाळेत जे विचारलं गेलं तेच मी विचारलं, मग त्यानं तेच उत्तर दिलं.

14 जुलै

आज बैठक नव्हती, पण आतापर्यंतचं सगळ्यात कामाचं आजच घडलं.

गिरणीवाले काकाजी ‘श्यामची आई’ परत करायला आले. पुस्तक उघडून पाहिलं तर मधल्या पानात दळणाची चिठ्ठी, आणि त्या दोन पानांच्या घडीत ज्वारीचं पीठ बसलेलं. बोटानं निघेना. फुंकलं तर उडालं आणि पानावर पांढरी रेघ राहिली. दुसऱ्या कुठल्याच पानात पीठ नव्हतं. म्हणजे काकाजी याच पानावर बराच वेळ थांबले असणार, नाहीतर पुन:पुन्हा आले असणार. मी सहज विचारलं, "काकाजी, इथंच काहून थांबले?"

त्या पानावर आंघोळीनंतरचा प्रसंग आहे. श्यामच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आई आपलं लुगडं पसरते. पुढं मनालाही असंच जप म्हणते. शाळेत सगळ्यांनी त्यातलं मनाचंच पाठ केलेलं. काकाजी म्हणाले, "थे मनाचं बराबर आहे. पण मी लुगड्यावरच अटकलो. थे लुगडं तिनं मंग दिवसभर वल्लंच घातलं असीन न. आमच्या मायजवय दोनच लुगडे होते. एक अंगावर, एक दांडीवर."

मी टेबलावरचा उरलेला फॉर्म उलटा केला आणि त्याच्या पाठीवर हे त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. चार ओळी झाल्या. वाचून दाखवलं तर म्हणाले, "हे काय लिवाचं असते?" मी म्हटलं, "हेच लिहायचं असतं."

28 जुलै

बॅनर गुंडाळून कपाटावर टाकला. दोनशे पानी तीन लाँगबुकं आणली, 210 रुपये, आणि दहा पेनं, 50 रुपये. पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहिला: ‘तुम्ही कुठं थांबलात?’ बारावीत शिकणारी एक मुलगी मदतीला येते, तिनं वहीचं नाव ठेवलं ‘थांबा वही’. एसटी थांब्यावर बसून वाचते ना मी, म्हणाली.

हा प्रश्न का चालतो ते चार जणांवर वापरल्यावर कळलं. ‘कसं वाटलं’ विचारलं की माणसाला पूर्ण पुस्तकावर निकाल द्यावा लागतो. ‘कुठं थांबलात’ विचारलं की बोट एका जागेवर ठेवायचं, बस. तिथं का थांबलो हे तो मग आपोआप सांगतो, कारण ते पुस्तकापेक्षा त्याच्या घरचं असतं. अर्धवट सोडलेल्या पुस्तकालाही हा प्रश्न लागू पडतो. आज तिघांनी सोडून दिलेल्या पुस्तकांवरच लिहिलं, आणि तेही नेमकं.

एक अडचण आहेच. पुस्तकाची प्रत एक, माणसं तेरा. हात फिरत फिरत ते पुन्हा यायला दोन महिने लागतात. सध्या उपाय एवढाच की बैठकीत पंधरा मिनिटं कुणीतरी मोठ्यानं वाचायचं आणि सगळ्यांनी त्याच तुकड्यावर बोलायचं.

11 ऑगस्ट

दीड महिन्यात एकही बाई बैठकीला आली नाही. लाजत असतील, असं मी समजत होते. शेजारच्या वहिनीनं डोळे उघडले. "सात ते साडेआठ मालिका असतात, त्यातच सैपाक. येऊ कवा?" गाव ज्या वेळी टीव्हीसमोर असतं नेमकी तीच वेळ मी धरली होती, आणि टीव्हीवरच बोलायला या म्हणत होते.

वेळ बदलून दुपारी दोन केली. एलईडीचा दिवा आणि वायर 120 रुपयांची लावली होती, ती रात्रीसाठीच. ते पैसे वाया गेले असं आज वाटलं, पण पुढं हिवाळ्यात लवकर अंधारायला लागल्यावर दिवा कामी येईल.

1 सप्टेंबर

उद्या पोळा, परवा तान्हा पोळा. बैठकीला सात जण होते, बाकीचे बैलांच्या मागं. मी कविता वाचायला घेतली होती, बहिणाबाईंची सुगरणीच्या खोप्याची. एक म्हातारबाबा म्हणाले, "कविता उद्या ऐकजा, तोरणाखाली." ते झडत्यांबद्दल बोलत होते. बैल तोरणाखाली उभे राहिले की एक जण झडती म्हणतो, दुसऱ्या बाजूनं त्यावर चढती येते, त्यात देवापासून सरकारपर्यंत कुणाची गय नसते. म्हणजे एकाच्या शब्दावर दुसऱ्यानं लगेच शब्द द्यायची चाल आमच्या गावात आहेच, मी उगाच बाहेरून आणत होते.

त्यावरून वहीत एक बदल केला. उजव्या पानावर लिहायचं, डावं पान उत्तरासाठी कोरं ठेवायचं. ज्याला त्या नोंदीवर सांगावंसं वाटेल त्यानं समोर लिहायचं. काकाजींच्या लुगड्याच्या नोंदीसमोर आठवडाभरात चार जणांनी आपापल्या माईचं लिहिलं.

22 सप्टेंबर

ही चूक मोठी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गावातल्या बऱ्याच म्हाताऱ्या बायांना लिहिता येत नाही. त्यांचं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि मग वहीत उतरवायचं, असं ऑगस्टपासून चालू केलं होतं. उतरवायचं काम बारावीच्या मुलीकडे. अक्षर सुरेख आहे तिचं. पाच मिनिटांचं बोलणं उतरवायला पाऊण तास जातो, तरी तिनं अकरा जणींचं उतरवलं.

आज एका आजीला तिची खोप्याची नोंद वाचून दाखवली. आजी ऐकत होती, मग म्हणाली, "कोनाचं आहे हे?" मी म्हटलं, "तुमचंच आजी." "माह्यं नाई. मी अशी नाई बोलत."

रेकॉर्डिंग लावलं. आजी बोलली होती, "मी थो खोपा पायतो न मले माह्यं घर दिसते. पावसात उडालं तं मी एकटीनं शाकारलं." वहीत लिहिलं होतं, "मी तो खोपा पाहते आणि मला माझे घर दिसते. पावसात उडाले तेव्हा मी एकटीने शाकारले." पोरीनं शाळेत शिकवलं तसं सगळं शुद्ध केलं होतं. ‘पायतो’चं ‘पाहते’ करताना तिला वाटलं, आजी चुकून पुरुषासारखं बोलली. आमच्या वऱ्हाडीत बाया ‘मी जातो, मी करतो’च म्हणतात. मी स्वतः घरी तशीच बोलते, वाचनालयात खुर्चीवर बसले की ‘जाते, करते’ सुरू होतं.

दोष पोरीचा नाही, मी तिला काही सांगितलंच नव्हतं. शिवाय बहिणाबाईंचंच उदाहरण समोर होतं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, घरोटावर आणि शेतात गाणी सुचली, घरच्यांनी ती उतरवली, आणि 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर एक वर्षानं, संग्रह निघाला. उतरवणाऱ्यांनी त्यांची बोली तशीच ठेवली म्हणून ती गाणी आज उभी आहेत. हेच आम्ही त्याच गाण्यावर बोलणाऱ्या आजीच्या बाबतीत विसरलो.

अकरापैकी आठ नोंदी पुन्हा ऐकून पुन्हा लिहिल्या. दोघींचे तीन रविवार गेले. तीन रेकॉर्डिंग मोबाइल भरला म्हणून आधीच पुसून टाकली होती. त्या आज्यांकडे पुन्हा गेलो, पण तेच बोलणं तसंच दुसऱ्यांदा आलं नाही. एकीनं तर वेगळंच सांगितलं, ते लिहून घेतलं.

आता नियम असा: उतरवलेलं आधी बोलणारीला ऐकवायचं, तिनं ‘माह्यंच आहे’ म्हटल्यावरच वहीत घ्यायचं, आणि तोवर रेकॉर्डिंग पुसायचं नाही.

6 ऑक्टोबर

सोयाबीनची सोंगणी. बैठकीला मी आणि काकाजी. गुरुवारी, 3 तारखेला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली, तिचं कात्रण भिंतीवर लावलं. सोंगणी आणि वेचणीच्या महिन्यात बैठक ठेवू नका, वही मात्र खोलीबाहेर काढा. मी गिरणीवर ठेवली. दळण होईपर्यंत माणसं उभीच असतात, वाचतात. या महिन्यात बैठकीशिवाय सतरा नोंदी झाल्या, काही पानांवर पिठाचे अंगठे आहेत.

17 ऑक्टोबर

काल कोजागिरी. भुलाबाईची गाणी संपल्यावर पोरी डब्यातला खाऊ ओळखतात. तसं एक करून पाहिलं: एका नोंदीतलं पुस्तक किंवा मालिकेचं नाव लपवायचं, फक्त थांबण्याची जागा वाचायची आणि पोरींनी ओळखायचं. दहापैकी सात ओळखल्या. त्यातून चार पुस्तकं त्याच रात्री घरी गेली. हा खेळ वर्षभर चालेल.

10 नोव्हेंबर

आजची चूक लिहायला जड जातंय.

दिवाळीच्या आधी अमरावतीहून ‘धग’च्या दोन आणि बहिणाबाईंच्या गाण्यांच्या दोन जादा प्रती आणल्या. पुस्तकांचे 860, जाण्यायेण्याचे 110. बायांना एसटीत अर्धं तिकीट असल्यानं तेवढ्यात भागलं. उद्धव शेळक्यांची ‘धग’ 1960 सालची. कौतिक नावाच्या बाईची गोष्ट, घर सावरता सावरता झिजणारी. त्यातली माणसं आमच्यासारखंच बोलतात. पहिली प्रत बायांनी जशी वाचली तसं आजवर कुठलंच पुस्तक वाचलं गेलं नव्हतं. तीन दिवसांत परत, लगेच दुसरीकडे.

गावातल्या एका बाईनं त्यावर दीड पान लिहून आणलं. वहीत स्वतःच्या हातानं, डोक्यावर पदर घेऊन, खोलीच्या कोपऱ्यात बसून. कौतिक कुठं गप्प राहते आणि ती स्वतः कुठं गप्प राहिली, असं ते होतं. त्यात एक ओळ होती, कानातले मोडून बियाणं आणल्याची आणि त्यानंतर घरात काय झालं त्याची.

इतकं खरं लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. त्या आनंदात मी ते बैठकीत मोठ्यानं वाचलं. नाव घेतलं नाही, म्हणजे झालं, असं मला वाटलं. ती स्वतः आलेली नव्हती. वाचून झाल्यावर कुणीच बोललं नाही. दोघी एकमेकींकडे पाहत होत्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं. अठराशे वस्तीच्या गावात कुणी कोणत्या वर्षी कानातले मोडले हे माहीत नसलेलं एकही घर नाही.

संध्याकाळी तिचा नवरा वाचनालयात आला. ओरडला नाही. दारात उभं राहून म्हणाला, "ताई, आमच्या घरचं तुमच्या रजिस्टरात कायले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘मी नाव घेतलं नाही’ हे तोंडापर्यंत आलं होतं, ते गिळलं.

17 नोव्हेंबर

बैठक रद्द केली. बुधवारी विधानसभेचं मतदान आहे, खोलीही हवी होती, पण खरं कारण ते नाही.

काल सकाळी तिच्या वावरात गेले. वेचणी चालू होती. मी पदराची ओटी केली आणि तिच्या बाजूची ओळ धरली. कितीतरी वेळ दोघी नुसत्या वेचत होतो. हातावर बोंडाच्या टोकांचे ओरखडे आले, खूप वर्षांत वेचणी केली नव्हती. धुऱ्याशी पोचल्यावर मी म्हटलं, "चुकलो." घरच्या भाषेतच निघालं ते.

ती म्हणाली, "तुमी वाचलं थे खोटं नोतं. पन थे मी तुमाले सांगतलं होतं, गावाले नाई." मग थोड्या वेळानं, "थे पान मले द्या."

घरी येऊन ब्लेडनं पान कापलं. लाँगबुकाची पानं मध्ये शिवलेली असतात, हे माझ्या ध्यानात नव्हतं. एक पान कापलं की त्याचं जोडपान शिवणीतून सुटतं. ते जोडपान आजीच्या खोप्याच्या नोंदीचं निघालं. मैद्याची खळ करून ते चिकटवलं, आता वही तिथं नीट उघडत नाही. कापलेल्या पानाची बोटभर पट्टी वहीत राहिली आहे, ती तशीच ठेवली. पान घडी करून तिच्या हातात दिलं. घरी काय झालं ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

24 नोव्हेंबर

आज नऊ जण. सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती. त्यानंतर नियम बसवले, आणि ते मी एकटीनं नाही, सगळ्यांनी मिळून. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

बांधीव वही बंद. तिच्याऐवजी सुटे कागद, भोकं पाडून लेसनं बांधलेल्या फायलीत. फाइल, लेस आणि पाकिटं मिळून 60 रुपये. ज्याला आपला कागद काढून न्यायचा त्यानं लेस सोडून न्यावा, कारण सांगायची गरज नाही, रजिस्टरात नोंद नाही.

उघडा कागद कुणीही वाचावा. अर्ध्यात दुमडलेला कागद फक्त मी वाचायचा. दुमडून टाचलेला कागद मीही उघडायचा नाही. कोतवालांनी विचारलं, "कोनी वाचाचंच नाई तं लिवाचं कायले?" शेजारची वहिनी म्हणाली, "फायलीत आहे हे तं मायीत असते न." तो नियम राहिला.

मोठ्यानं वाचायचं ते लिहिणाऱ्यानं स्वतः, किंवा त्यानं ज्याला सांगितलं त्यानं. तो हजर नसेल तर वाचायचं नाही.

22 डिसेंबर

परवा, 20 तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी झाली. बाबांचं शेंडगाव शेजारच्या अंजनगाव तालुक्यातलं, त्यामुळे गावात कीर्तन असतंच. बाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. कीर्तनाला बसलेल्या एका काकांनी मला म्हटलं, तुमच्या फायलीचा प्रश्न तसाच आहे, पण तुम्ही उत्तराआधीच मान डोलावता. लक्षात ठेवलं. आज तोंड बंद ठेवायचा प्रयत्न केला, निम्म्या वेळा जमला.

आजचा विषय टीव्ही. पुस्तकाला जो मान तोच मालिकेला द्यायचा, हे मी आधी तोंडानं म्हणत होते, पण लिहून घेताना मालिकेच्या नोंदी शेवटच्या पानांवर ढकलत होते. आज पहिल्यांदा पूर्ण बैठक त्यावर घेतली. एकवीस जण आले, आतापर्यंतचे सगळ्यात जास्त.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ 2016 साली सुरू झाली, संपूनही तीन वर्षं झाली, तरी बाया त्यावर काल पाहिल्यासारख्या बोलतात. कारण राधिका नागपूरची. एकीनं लिहिलं की टीव्हीवरची नायिका आपल्यासारखं बोलते हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिनं हातातली पोळी तव्यावर तशीच सोडली, आणि ती करपली. समोरच्या कागदावर दुसरीनं लिहिलं: ‘ती नागपुरी आहे, आपली वऱ्हाडी नव्हे, आणि सुरुवातीला तिच्या बोलण्यावर लोकांना हसवलंच. मी तिथं थांबले आणि टीव्ही बंद केला.’ ही मुंबईला काही वर्षं कामाला होती, तिथं तिच्या बोलण्यावर हसलेलं तिच्या लक्षात आहे. दोघी दीड तास बोलत होत्या. कुणी जिंकलं नाही. दोन्ही कागद फायलीत एकमेकांसमोर लावले आहेत.

एका आजोबांनी ‘रामायण’ लिहिलं, 1987 चं. तेव्हा गावात एकच टीव्ही, रविवारी सकाळी सगळं गाव त्या घरच्या अंगणात. आजोबा थांबले ते रामापाशी नाही. त्या घरचा पोरगा माळवदावर ॲंटेना धरून उभा राहायचा, वरून ओरडायचा "आलं का?" आणि खालून गाव ओरडायचं "आलं!" त्या पोरानं एकही भाग पाहिला नाही. तो आता बासष्ट वर्षांचा आहे, बैठकीत मागं बसला होता. त्यालाच फाइल देऊन वाचायला लावलं. शेवटच्या ओळीशी आल्यावर त्यानं कागद खाली ठेवला आणि फेट्याच्या शेवानं चष्मा पुसला.

19 जानेवारी 2025

कवितेची बैठक. विठ्ठल वाघांची तिफणीची कविता इथं निम्म्यांना पाठ आहे, म्हणून तिच्यावर कुणी थांबणार नाही अशी माझी अटकळ. चुकीची निघाली. एका शेतकऱ्यानं तीन ओळी लिहिल्या: ट्रॅक्टरनं पेरतो, तिफण गोठ्यात आडवी आहे, तिच्यावर कोंबडी बसते, कविता ऐकली की उभी करावी वाटते.

ग्रेसांच्या कवितेवर कॉलेजच्या पोरांनी हात टेकले. समजली नाही, म्हणाले. मी म्हटलं, जिथं समजायची थांबली ती ओळ सांगा. तिघांनी तीन ओळी दाखवल्या आणि तिघंही आपली ओळ सोडायला तयार नव्हते. ‘समजली नाही’ ही नोंद धरायची, फक्त जागा दाखवायची.

सुरेश भटांच्या गझलेला मात्र वेळ पुरला नाही. अमरावतीचा माणूस, आणि आम्ही त्याला शेवटची दहा मिनिटं दिली. हे बरोबर झालं नाही, पुढची पूर्ण बैठक त्यांच्यासाठी ठेवली आहे.

27 फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन

ग्रामपंचायतीच्या सभागृहात वाचन. आठ जणांनी आपापले उघडे कागद वाचले. माईक आणला नाही, माईकसमोर माणसं पुन्हा शाळेतलं बोलायला लागतात, हे डिसेंबरमध्ये पाहिलं होतं. खोप्याच्या आजीला कागद धरता येईना म्हणून तिनं न पाहताच सांगितलं, वहीत होतं त्याहून लांब.

आजवरचा हिशेब, कुणाला अंदाज हवा असेल तर: बॅनर 350, फॉर्म 80, वह्या 210, पेनं 50, दिवा 120, पुस्तकं 860, अमरावतीचं येणंजाणं 110, फाइल वगैरे 60, चहा-साखर चौदा बैठकांची 840. एकूण 2,680 रुपये. त्यातले 430 सरळ वाया. अठ्ठावीस जणांनी पन्नास-पन्नास दिले ते 1,400, उरलेले मी घातले. पुन्हा करायचं झालं तर 60 रुपयांच्या फायलीपासून सुरुवात करीन. जानेवारीत पुस्तकं घरी गेली 64. त्यातली 23 एकट्या गिरणीवरून मागितलेली.

न सुटलेलं बरंच आहे. तिशीतले पुरुष येत नाहीत, त्यांचं बघणं मोबाइलवर आणि ते कुणाला दाखवत नाहीत. उतरवायला वेळ फार लागतो आणि बारावीच्या मुलीची परीक्षा चालू आहे, म्हणजे ती संपेपर्यंत मी एकटी. सात रेकॉर्डिंग पडून आहेत.

2 मार्च

हरभरा काढणीला आला, पाचच जण. फायलीत आजपर्यंत 131 कागद, त्यातले 9 टाचलेले. नववा काल गिरणीवरून आला. काकाजींनी दिला, कुणाचा ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. टाचणीऐवजी काळ्या दोऱ्यानं शिवलेला आहे, बारीक टाके, चारही बाजूंनी. जागा करून लेसमध्ये ओवला.

पुढची बैठक होळीनंतर, 16 मार्चला, दुपारी दोन वाजता, सुरेश भट. ‘धग’ची एक प्रत नोव्हेंबरपासून त्या घरी आहे. परत मागितलेली नाही.